जकात कचेरीतील न लिहिलेले पुस्तक

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील आम्हां काही मराठी मंडळींच्या वाचन-बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांना अंकासाठी काही लिहिण्याचा आग्रह चालला होता. ते नुकतेच सेवानिवृत्त झाले होते. आग्रह फार होऊ लागला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, छत्तीस वर्षे मी टिपणे लिहिली, मसुदे केले, वरून दुरुस्त होऊन आले की पुन्हा केले. यात वाङ्मयात घालण्यासारखे काय आहे? लिहिण्यासारखे जे काही होते ते साताऱ्यालाच राहिले." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि घरी परतताना बसमध्ये मला माझ्याच त्या मान डोलावण्याची खंत वाटू लागली. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणां बहुतेकांची मनोमन अशीच समजूत असते, की आयुष्य तिकडे आहे आणि इकडे आहे ती केवळ नोकरी. तिकडचा पाऊस, तिकडची आजी, तिकडच्या परसातील चिंच ही वाङ्मयाची सामग्री. इकडचे सरकारी क्वार्टर, इकडचा सेक्शन, लेखा शाखेकडून हरकतीसह परत आलेले एलटीसीचे बिल ही नव्हे.

त्या गृहस्थांचे बोलणे मला इतके लागावे याला आणखी एक कारण होते. नेमके हेच म्हणणे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन लेखकाने मांडले होते, आणि त्याच लेखात पुढे ते स्वतःच खोडूनही काढले होते.

नॅथॅनिएल हॉथॉर्न हा १८४६ ते १८४९ या काळात मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराच्या जकात कचेरीत सर्व्हेयर या पदावर होता. राष्ट्राध्यक्ष बदलला, पक्ष बदलला आणि त्याची नोकरी गेली. पुढल्याच वर्षी, १८५० मध्ये, त्याची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कादंबरी सतराव्या शतकातील आहे; परंतु तिच्या आरंभी 'जकात कचेरी' या मथळ्याचे एक लांबलचक प्रास्ताविक जोडलेले आहे. कादंबरीचे वाचक ते बहुधा गाळतात. शाळा-महाविद्यालयांतूनही ते गाळले जाते असे ऐकतो. प्रस्तुत लेखक स्वतः कारकून असल्यामुळे म्हणा, मला मात्र कादंबरीपेक्षा त्या प्रास्ताविकाचीच पारायणे करावीशी वाटतात.

सेलमचा व्यापार तेव्हा ओसरलेला. बंदरात जहाजे क्वचित येत. कचेरीच्या दाराशी म्हातारे अधिकारी भिंतीला खुर्च्या टेकवून बसलेले; निम्मे झोपेत, निम्मे त्याच त्या जुन्या दर्यावर्दी गोष्टी पुन्हा सांगण्यात गढलेले. त्यांच्यात ऐंशी ओलांडलेला एक कायमचा इन्स्पेक्टर आहे. त्याला आयुष्यात केलेल्या उत्तम जेवणांची आठवण आहे, इतर फारशी कशाची नाही. त्याच्या बायका वारल्या, मुले वारली. त्याने एक सुस्कारा टाकला आणि तो पूर्ववत झाला. त्याच्या जीवनातील खरी शोकांतिका एका हंसाची. वीस-चाळीस वर्षांपूर्वी पानात वाढलेला, दिसायला मोठा आश्वासक, परंतु इतका चिवट निघाला की सुरीचे काही चालेना. अखेर कुऱ्हाड आणि करवत आणावी लागली. हॉथॉर्न हे सारे हसत हसत सांगतो, पण त्या हसण्याखाली एक गारवा आहे. सेवेची पन्नास वर्षे अशी सरू शकतात हे त्याला दिसले आहे. लेखक म्हणून आपले नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पसरावे अशी त्याची उमेद होती. आता ते नाव काळ्या रंगाने मिऱ्यांच्या पोत्यांवर आणि सिगारच्या खोक्यांवर उमटते आणि जकात भरल्याची खूण म्हणून देशोदेशी जाते. आपल्यापैकी ज्यांची सही कधी हजारो पावत्यांवर उमटली असेल त्यांना या विनोदाची चव अधिक कळेल.

या नोकरीत आपली कल्पनाशक्ती आटली अशी त्याची तक्रार आहे. रात्री चांदण्यात बसावे. ओळखीची खोली, खुर्ची, लहान मुलाचा बूट, बाहुली या वस्तू त्या प्रकाशात परक्या, अद्भुत होतात. तरी त्याला काही सुचत नाही. येथपर्यंत तो आमच्या साताऱ्याच्या गृहस्थांसारखाच बोलतो. आणि मग अचानक त्याचा सूर पालटतो. तो म्हणतो त्याचा आशय असा: चूक माझी होती. माझ्यासमोर जीवनाचे जे पान उघडे होते ते मला नीरस आणि सामान्य वाटले, कारण त्याचा तळ मी कधी गाठलाच नाही. मी कधीही लिहीन त्याहून चांगले पुस्तक तेथे होते; पानामागून पान ते माझ्यासमोर येत होते आणि तसेच विरत होते. त्या इन्स्पेक्टरांपैकी एका म्हाताऱ्या कप्तानाच्या गोष्टी नुसत्या उतरून काढल्या असत्या, तरीसुद्धा ते काम सार्थ झाले असते, असेही तो सांगतो.

ही कबुली मला फार मोठी वाटते. हॉथॉर्नने ते पुस्तक लिहिले नाही. तो सतराव्या शतकात गेला. सेलमच्या लोकांना मात्र प्रास्ताविकच पुरे झाले. ते इतके संतापले की दुसऱ्या आवृत्तीत त्याला खुलासा करावा लागला, आणि त्या खुलाशात त्याने आपण एक शब्दही बदलणार नाही असे कळवले. पण जे न लिहिलेले पुस्तक त्याने मागे ठेवले, ते नंतरच्या अमेरिकन लेखकांनी थोडे थोडे करून लिहिले असे मला दिसते. दैनंदिन जीवन साहित्यात कसे येते या प्रश्नाचे त्यांचे उत्तर हॉथॉर्नच्या चांदण्याहून वेगळे आहे. ते सामान्य वस्तूवर प्रकाश टाकून तिला अद्भुत करीत नाहीत. ते वही उघडतात: हजेरीची, हिशेबाची, मागणीची. ती काटेकोरपणे वाचत जातात, आणि वहीत न बसणारा माणूस जेथे अडखळायला लावतो तेथे थांबतात.

असे पहिले थांबणे हर्मन मेलव्हिलचे. आपली 'मोबी डिक' त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केली होती, आणि त्या प्रास्ताविकानंतर तीनच वर्षांनी, १८५३ मध्ये, एका मासिकाच्या दोन अंकांतून, लेखकाच्या नावाशिवाय, त्याची 'बार्टलबी' ही दीर्घकथा आली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाची कचेरी आहे. एका खिडकीतून पांढरी भिंत दिसते, दुसरीतून काळवंडलेली विटांची भिंत. दोन नक्कलनवीस: टर्की आणि निपर्स. टर्की दुपारी बारापर्यंत उत्तम काम करतो. बारानंतर त्याचा चेहरा तांबडा होतो आणि कागदांवर शाईचे डाग पडू लागतात. निपर्सला सकाळी अपचनाचा त्रास. त्याला मेजाची उंची कधीच साधत नाही, तो खाली लाकडाचे तुकडे आणि घडी केलेले कागद सारत बसतो. दुपारी तो शांत होतो. म्हणजे दोघांचे झटके पाहरेकऱ्यांसारखे आळीपाळीने येतात आणि कचेरी चालते. कोणत्याही सेक्शनमध्ये दहा वर्षे काढलेल्या माणसाने हे वाचून हसू आवरून दाखवावे!

या कचेरीत बार्टलबी येतो. फिकट, नीटनेटका, अतिशय शांत. त्याला वकिलाच्याच खोलीत हिरव्या पडद्याआड बसवले जाते. प्रथम तो रात्रंदिवस नकला करतो. तिसऱ्या दिवशी वकील त्याला एका लहान कागदाची नक्कल मुळाशी ताडून पाहायला बोलावतो. आपल्याकडे ज्याला आपण 'कम्पेअर करणे' म्हणतो तेच काम, अत्यंत कंटाळवाणे आणि अत्यंत आवश्यक. बार्टलबी पडद्याआडूनच मृदू स्वरात नकार देतो.

त्या नकाराच्या वाक्यातील 'प्रिफर' हे क्रियापद मराठीत आणू पाहणाऱ्याला घाम फुटेल. 'मी करणार नाही' म्हणावे तर त्यात बंड येते. 'मला जमणार नाही' म्हणावे तर असमर्थता येते. 'माझी इच्छा नाही' यात हट्ट आहे, 'नको' यात पोरकेपणा. त्या इंग्रजी शब्दात यांपैकी काहीच नाही. पंगतीत आणखी एक पोळी नाकारताना जितके सौजन्य असावे तितकेच त्यात आहे, आणि म्हणूनच त्याच्यापुढे काही चालत नाही. मला वाटते 'न केलेले बरे' याच्या जवळपास कुठे तरी ते असावे; पण अनुवादकाने माझ्यावर विसंबू नये. पुढे कचेरीतील सर्वांच्या तोंडी नकळत तोच शब्द येऊ लागतो, वकिलाच्यासुद्धा, आणि तो दचकतो.

टीकाकारांनी बार्टलबीवर पुष्कळ तत्त्वज्ञान चढवले आहे. मला एक साधी कारकुनी गोष्ट सांगायची आहे. कचेरीत नकार नवीन नसतो. आपण तो रोज देतो आणि रोज घेतो. परंतु कचेरीतील प्रत्येक नकाराला कारण जोडलेले असते: अमुक नियम, तमुक परिपत्रक, संबंधित लिपिक रजेवर, निधी उपलब्ध नाही. कारण खोटे असले तरी चालते, ते असावे लागते. बार्टलबी कारण देत नाही. तो नियमाला आव्हान देत नाही आणि नियमाचा आधारही घेत नाही. अशा माणसावर टिपण कसे लिहावे? वकील सज्जन आहे. तो रागावतो, समजावतो, पैसे देऊ करतो, अगदी आपल्या घरी राहायला चल म्हणतो. काहीच लागू पडत नाही. बार्टलबी जागेवरून हलत नाही तेव्हा अखेर वकील स्वतःच कचेरी दुसऱ्या इमारतीत हलवतो. नोकराला काढता येत नाही म्हणून मालकाने बिऱ्हाड बदलावे, हा प्रसंग प्रहसनाचा आहे आणि मेलव्हिल तो प्रहसन म्हणूनच लिहितो. हसता हसता आपण बार्टलबीबरोबर तुरुंगाच्या आवारात येऊन पोचतो, जेथे तो अन्नाला स्पर्श न करता भिंतीशी मरून पडतो.

या कथेतील माझ्या मते सर्वांत थोर जागा मात्र नकाराची नाही. एका रविवारी वकील चर्चला जाता जाता सहज कचेरीत डोकावतो आणि त्याला कळते की बार्टलबी तेथेच राहतो. मेजाखाली गुंडाळलेले ब्लँकेट, बुटाच्या पॉलिशची डबी आणि ब्रश, पत्र्याचे तसराळे, साबण, फाटका टॉवेल, वर्तमानपत्रात बिस्किटांचा चुरा आणि चीजचा तुकडा. मेलव्हिल या वस्तूंची केवळ यादी देतो, जप्तीच्या पंचनाम्यासारखी. एकही विशेषण जड नाही. वकील त्या दिवशी चर्चला जात नाही. दिल्लीत बदलीवर एकट्याने आलेल्या आणि क्वार्टर मिळेपर्यंत कुठे कुठे पथारी टाकलेल्या माणसांना त्या यादीचा अर्थ सांगावा लागणार नाही.

शेवटी वकील एक अफवा सांगतो: बार्टलबी म्हणे पूर्वी वॉशिंग्टनच्या 'डेड लेटर ऑफिस'मध्ये दुय्यम कारकून होता, आणि प्रशासन बदलल्यामुळे त्याला काढण्यात आले. पत्ता न सापडलेली पत्रे उघडून जाळण्याचे ते खाते. आपल्याकडे ते 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' या सौम्य नावाने ओळखले जाते. हा खुलासा अनेकांना कथेचा कळस वाटतो. मला तो थोडा सोयीचा वाटतो. ज्या माणसाने आयुष्यभर कारण दिले नाही त्याला लेखकाने अखेरीस एक कारण चिकटवले. तो अफवा म्हणून सांगतो एवढीच त्यातील सावधगिरी.

प्रशासन बदलल्यामुळे नोकरी जाणे ही त्या काळच्या अमेरिकन सरकारी नोकराची नित्याची धास्ती होती. आपल्याला ती नाही. आपल्याला बदलीची आहे. कवी वॉल्ट व्हिटमन १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या अंतर्गत व्यवहार खात्यात, इंडियन ब्यूरोमध्ये कारकून होता. मंत्री जेम्स हार्लन याच्या हाती त्याच्या 'लीव्हज ऑफ ग्रास'ची त्याने स्वतः खुणा-दुरुस्त्या केलेली प्रत पडली आणि त्याची नोकरी गेली. मित्रांच्या खटपटीने लगोलग ती ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात मिळाली. त्या दुसऱ्या कचेरीत त्याने स्वहस्ताक्षरात केलेल्या सुमारे तीन हजार सरकारी नकला २०११ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात ओळखल्या गेल्याचे जाहीर झाले. महाकवीचे वळणदार अक्षर, आणि मजकूर सगळा खात्याचा! खुद्द मेलव्हिल १८६६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गोदीवर रोजी चार डॉलरवर जकात निरीक्षक झाला आणि १९ वर्षे त्याच पदावर राहिला. 'बार्टलबी' ही त्या नोकरीच्या तेरा वर्षे आधीची कथा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मनात काहीतरी चमकून जाते.

वहीचा दुसरा प्रकार थोरोचा. 'वॉल्डन' हे पुस्तक आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादामुळे परिचित आहे. १८५४ च्या या पुस्तकाला आपण तळ्याकाठचे चिंतन समजतो. पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात चक्क जमाखर्च आहे. फळ्या किती, खिळे किती, खडूचा एक सेंट. घराचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. अर्धा सेंटसुद्धा सोडलेला नाही! केंब्रिजच्या कॉलेजात विद्यार्थ्याच्या एका खोलीचे वार्षिक भाडेच ३० डॉलर होते, असे तो लागलीच सुनावतो. म्हणजे हा हिशेब हे एक शस्त्र आहे. जगण्याला खरोखर किती लागते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत विचारला असता तर कोणी ऐकले नसते. तो ताळेबंदाच्या भाषेत विचारल्यामुळे शेजाऱ्यांना झोंबला.

लेखापरीक्षकाची नजर मात्र येथे थोडी वर उचलते. जमीन इमर्सनची होती. तिचे भाडे या हिशेबात नाही. आणि धुणे व कपड्यांची दुरुस्ती बहुतेक बाहेर झाली, त्यांची बिले अद्याप आलेली नाहीत, असे थोरो मिस्किलपणे नोंदवतो. ती बिले कधी येणार नव्हतीच. बाईमाणसांच्या कामाची बिले येत नसतात. वहीत काय लिहिले जाते याइतकेच काय लिहिले जात नाही यालाही अर्थ असतो. तिकडे मी पुढे वळणारच आहे.

त्याआधी शेरवूड अँडरसनविषयी. हा ओहायोमध्ये रंगांचा कारखाना चालवीत होता. १९१२ च्या नोव्हेंबरात एके दिवशी तो कचेरीतून उठून चालू लागला आणि काही दिवस बेपत्ता झाला. पुढे शिकागोत जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरीत त्याने एका छोट्या गावाच्या कथा लिहिल्या. त्यांचे 'वाइन्सबर्ग, ओहायो' हे पुस्तक १९१९ मध्ये आले. त्यातील 'हात' या कथेत एक भेदरलेला, टकला माणूस आहे. शेतात स्ट्रॉबेऱ्या खुडण्याच्या कामावर त्याचे हात गावात प्रसिद्ध. एका दिवसात त्याने १४० क्वार्ट खुडलेल्या आहेत. गावाला या हातांचा अभिमान आहे, बँकवाल्याच्या नव्या दगडी घराचा आणि शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचा आहे तसाच. गावाच्या वहीत त्या हातांची नोंद एवढीच. परंतु हा माणूस दुसऱ्या प्रांतात एके काळी फार चांगला शिक्षक होता. शिकवताना मुलांच्या खांद्यावर, केसांवर त्याचा हात फिरे. एका मंदबुद्धी मुलाने स्वप्नात पाहिले ते खरे म्हणून सांगितले, आणि गावाने त्याला रातोरात मारहाण करून हाकलले. तेव्हापासून तो हात खिशात लपवतो; आपले काय चुकले हे त्याला कळलेले नाही, चूक हातांची असावी एवढेच वाटते. कथेच्या शेवटी तो जेवण आटोपून जमिनीवर सांडलेले पावाचे कण गुडघ्यावर बसून वेचतो. बोटे इतक्या वेगाने तोंडाकडे जातात, की जपमाळ ओढणाऱ्याची वाटावीत. १४० क्वार्ट खुडणारी तीच बोटे. अँडरसन दोहोंचा संबंध जोडून देत नाही. त्याची भाषा ओबडधोबड आहे, कुठे कुठे तो फार भावुक होतो, आणि सर्व कथा सारख्या तोलाच्या नाहीत. पण या एका जागेसाठी मी त्याला पुष्कळ माफ करतो.

त्याच ओहायोच्या भूमीवर, शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊन, कॉनरॅड रिक्टरने तीन कादंबऱ्या लिहिल्या: १९४०, १९४६ आणि १९५० मध्ये. मराठी वाचकाला त्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी जी. ए. कुलकर्णी यांच्या अनुवादांतून भेटतात. नियतीच्या अंधाऱ्या कथा लिहिणाऱ्या जीएंनी जंगल तोडून शेत करणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या, पोरे वाढवणाऱ्या एका निरक्षर बाईची ही कहाणी का निवडली असेल, याचे प्रथम आश्चर्य वाटते. वाचू लागल्यावर ते उरत नाही. रिक्टरने त्या काळच्या वसाहतवाल्यांची बोली जुन्या कागदपत्रांतून आणि वृद्धांच्या आठवणींतून गोळा केली होती. कचेऱ्यांच्या कपाटांत पडलेली भाषा पुन्हा माणसांच्या तोंडी आली. ज्या झाडांचा त्या बाईने उभा जन्म द्वेष केला, त्यांच्याचसाठी म्हातारपणी तिचा जीव आसुसतो. कसलाही मोठा प्रसंग न घडता हे परिवर्तन होते. त्याला तीन कादंबऱ्यांची रोजची कामे लागतात.

आता मी वर सोडलेला धागा. वही ही निरुपद्रवी वस्तू आहे असे आपण कारकून मंडळी समजतो. आपण फक्त नोंद करतो. टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' ही १९८७ ची कादंबरी वाचल्यावर माझी ही समजूत टिकली नाही. गुलामगिरीच्या काळातील केंटकीमधील एका मळ्यावर मालकाच्या मृत्यूनंतर एक शिकलेला, सभ्य बोलणारा गृहस्थ कारभार पाहायला येतो. सर्व त्याला 'स्कूलटीचर' म्हणतात. तो गुलामांची मापे घेतो, प्रश्न विचारतो, उत्तरे लिहून घेतो. सेथी नावाच्या तरुणीच्या कानावर एकदा त्याचा वर्ग पडतो: तिची मानवी लक्षणे एका बाजूला लिहा, पशूची दुसऱ्या बाजूला, आणि रकाने नीट आखा, असे तो आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असतो. आणि ती नोंद ज्या शाईने होत असते ती शाई सेथीनेच कालवलेली. घरकामातले एक काम, स्वयंपाकासारखे, धुण्यासारखे. मॉरिसनने त्या अमानुष व्यवस्थेचे चित्र चाबकाने सुरू केले असते तरी ते खरेच ठरले असते; पण दोन रकाने आणि शाईची दौत यांनी जे होते ते चाबकाने झाले नसते. ही कादंबरी मार्गारेट गार्नर या पळालेल्या स्त्रीच्या १८५६ मधील खऱ्या घटनेवरून सुचलेली आहे. जे वृत्तपत्रांत छापून आले तेवढ्यावर मॉरिसनचे समाधान झाले नाही. शाई कोणी कालवली, हे वृत्तपत्र लिहीत नाही. हे प्रकरण वाचल्यानंतर काही दिवस कोणताही तक्ता भरताना माझा हात थबकत असे. आता ई-ऑफिसच्या पडद्यावर शाई नसते, रकाने आहेत.

असे म्हटल्याने कोणी समजेल की अमेरिकन लेखकाने भाजीची यादी लिहिली की तिचे साहित्य होते. तसे नाही. उपनगरातील फ्रिज, मोटार आणि मद्याचे पेले यांच्या नावनिशीवार नोंदी करणाऱ्या कथा तेथे ढिगांनी लिहिल्या गेल्या आणि विसरल्याही गेल्या. वस्तू नोंदवणे सोपे आहे. प्रश्न असतो तो नोंद कुठे तुटते हे ओळखण्याचा.

रेमंड कार्व्हरला ते ओळखता येत होते. त्याने आरा गिरणीत काम केले होते, इस्पितळात झाडलोट केली होती. 'अ स्मॉल, गुड थिंग' या त्याच्या कथेत एक आई शनिवारी बेकरीत जाऊन मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगते. चॉकलेटचा, वर अवकाशयान. बेकरीवाला मख्ख, तो मागणी वहीत लिहून घेतो, गप्पा मारीत नाही. सोमवारी, वाढदिवसाच्या दिवशीच, शाळेला जाताना मुलाला मोटारीचा धक्का लागतो. तो इस्पितळात बेशुद्ध पडून राहतो. केक कोणाच्याच लक्षात राहत नाही. आणि बेकरीवाल्याचे फोन घरी येऊ लागतात: केक नेलेला नाही, सोळा डॉलर झालेत. अपरात्री, पुन्हा पुन्हा. त्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. त्याच्या वहीत एक नोंद उघडी आहे. आईबापांच्या दृष्टीने ती राक्षसाची वाणी आहे. मुलगा मरतो. फोन येतच राहतात.

या कथेची दोन रूपे छापली गेली आहेत. १९८१ मधील पहिले, संपादक गॉर्डन लिश याने निर्दयपणे कापलेले 'द बाथ', फोन वाजतो तेथेच थांबते. कारागिरीचे भोक्ते तेच श्रेष्ठ मानतात, आणि धक्क्याच्या दृष्टीने ते आहेही. १९८३ च्या 'कॅथीड्रल' संग्रहातील पूर्ण कथा मला अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात बेकरी आहे. मध्यरात्रीनंतर आईला आवाज कोणाचा ते उमगते आणि दोघे संतापाने बेकरीत जातात. बेकरीवाला हातात लाटणे घेऊन उभा. त्याला काही ठाऊक नाही. तो केकविषयीच बोलतो: तीन दिवसांचा शिळा झाला, सांगितल्याच्या अर्ध्या किमतीला घ्या, मग म्हणतो, नाही, तसाच घेऊन जा, तो आता कोणाच्याच कामाचा नाही. व्यापाऱ्याचा हिशेब अर्ध्या मिनिटात सोळावरून आठवर आणि आठवरून शून्यावर येतो, आणि अजून मूल गेल्याचे कोणी उच्चारलेलेही नाही. मग आई ते सांगते. तो लाटणे खाली ठेवतो, एप्रन सोडतो, खुर्च्या मांडतो. क्षमा मागतो, आपल्याला मूलबाळ नाही, इतकी वर्षे इतरांच्या समारंभांचे केक करीत आलो, असे काहीसे सांगतो. गरम रोल पुढे ठेवतो, मग काळा जाड पाव मोडून त्याचा वास घ्यायला लावतो. तिघे पहाटेपर्यंत खात बसतात. वहीतील ती नोंद कोणी खोडल्याचे मात्र कार्व्हर कुठे सांगत नाही.